पेन्सिलची फुली

आमच्या कार्यालयात सही घेण्याची एक रीत आहे. ज्याची सही हवी त्याला कागद वाच म्हणून कोणी सांगत नाही. सहीच्या जागी पेन्सिलने बारीक फुली मारायची आणि कागद त्याच्यापुढे सरकवायचा. तो फुली शोधतो, सही करतो, कागद परत करतो. मग खोडरबराने फुली पुसून टाकायची. बाहेरच्या माणसाला हा शुद्ध निष्काळजीपणा वाटेल. पण दिवसभर ज्यांच्या हातांखालून कागदच कागद जातात त्यांना कशावर तरी भरवसा ठेवावाच लागतो, आणि आमचा तो फुलीवर आहे. नोकरीला लागलो त्या पहिल्याच आठवड्यात ताईंनी मला हे शिकवलं आणि वर बजावलं, "फुली मारणाऱ्यानं आधी वाचलं पाह्यजे. सही करणारा तुह्या भरवशावर राह्यते गा."

ताई म्हणजे आमच्या अभिलेख कक्षाच्या लिपिक. नागपुरातल्या एका सरकारी कार्यालयात, अगदी मागच्या अंगाला, जिथे मे महिन्यात कूलरसुद्धा गरम हवा फेकतो अशा खोलीत त्यांचं टेबल होतं. कार्यालयाचं नाव मी लिहीत नाही. चूक कार्यालयाची नव्हती, माझी होती. ताई माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या. मी त्यांना अहो-जाहो करायचो, त्या मला सरळ 'अरे' म्हणायच्या आणि डब्यातली भाजी न विचारता माझ्या झाकणात वाढायच्या. मी तोंडाने फटकळ आहे, साहेबांशीही माझं दोनदा वाजलं होतं. दोन्ही वेळा ताईंनीच मला माफीचा अर्ज सांगितला आणि मी मुकाट्याने लिहिला.

त्यांच्या खोलीत गावोगावच्या जुन्या कोतवाल पंज्या होत्या. पूर्वी गावात कोणी जन्मलं, कोणी गेलं, की गावचा कोतवाल ते येऊन सांगायचा आणि वहीत नोंद व्हायची. त्या वह्या म्हणजे पंज्या. आज त्यांना सोन्याचा भाव आहे, कारण जातीचा दाखला काढायचा तर आजोबा-पणजोबांची नोंद लागते, आणि गरिबाच्या घरचा तेवढा एकच कागद सरकारदरबारी लिहिलेला असतो. पण नोंद सापडणार कशी? पानं वाळून पापडासारखी झालेली. बोट लावलं की कोपरा हातात येतो. कोणाला वर्ष माहीत नसतं, कोणाला आजोबांचं खरं नाव माहीत नसतं.

म्हणून ताईंनी सूची करायला घेतली. कोणी सांगितलं नव्हतं, कुठला आदेश नव्हता. जेवणाच्या सुट्टीत डबा दहा मिनिटांत उरकायचा आणि उरलेल्या वेळात एकेक पंजी उघडून गाव, वर्ष, मुलाचं नाव, बापाचं नाव, पान क्रमांक असं संगणकावर उतरवायचं. असं त्यांनी अकरा वर्षं केलं. त्यातल्या काही पंज्या पुढे वाळवीने खाल्ल्या, पण त्यातली नावं सूचीत आलेली होती, तेव्हा त्याचं कोणाला फारसं वाटलं नाही. कुहीकडचा एखादा म्हातारा सकाळच्या एसटीने यायचा, खिडकीशी उभा राहून गावाचं नाव सांगायचा आणि पाच मिनिटांत त्याच्या बापाचं नाव पडद्यावर यायचं. कितीतरी माणसं ते नाव पाहून हात जोडायची. ताई म्हणायच्या, "मले कायले नमस्कार करता? नाव तुमचंच आहे."

आणि मग आमच्याकडे ओपन सोर्स आलं.

वरून पत्र आलं, की सर्व संगणकांवरची जुनी प्रणाली काढून मुक्त प्रणाली टाकावी. म्हणजे कोणा एका कंपनीच्या मालकीची नसलेली, कोणालाही वापरता, उघडून पाहता आणि बदलता येणारी. कार्यालयात रडारड सुरू झाली. आमचे अव्वल कारकून म्हणाले, "फुकटचं आहे म्हणजे तसंच असन." आवक-जावकवाल्या मॅडमनी जाहीर केलं, की छपाईचं बटण जागेवरून हललं तर त्या रजेवर जातील. मला मात्र आनंद झाला. मी घरी ही प्रणाली कैक वर्षं वापरत होतो. सरकारचे कागद कोणा कंपनीच्या कुलपात असू नयेत, असं मला मनापासून वाटायचं आणि आजही वाटतं. साहेबांनी मला बोलावून या कामाचा समन्वयक केलं. अशी मान ताठ झाली म्हणता! जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं मराठी नव्या प्रणालीत उघडलं की नुसती चिन्हं दिसायची. तेही मी तीन दिवस बसून सोडवलं. लोक मला शोधत टेबलाशी यायला लागले. नोकरीत चौदा वर्षांत पहिल्यांदाच मी कोणीतरी झालो होतो.

ताईंनी तक्रार केली नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "माह्या सूचीचं काय होईन?"

"काही होत नाही ताई. एका डिस्कवर उतरवून घेतो, नवीन आलं की परत टाकून देतो."

"पाह्य बावा. अकरा वर्षं आहेत त्यात."

प्रणाली बदलायच्या दिवशी सतरा संगणक होते. ज्याला काम दिलं होतं त्या कंत्राटदाराची माणसं सकाळपासून येऊन बसली होती. मी प्रत्येकाची माहिती वेगळ्या डिस्कवर उतरवून घ्यायची, ज्याचा त्याने एका कागदावर सही करून 'तपासलं' म्हणायचं आणि मग ते लोक यंत्र पूर्ण पुसून नवी प्रणाली टाकणार. तो कागद मीच तयार केला होता. वाक्यही माझंच होतं: 'माझ्या संगणकावरील सर्व माहिती उतरवून घेण्यात आली असून ती मी स्वतः उघडून तपासली आहे.' साहेबांना ते वाक्य फार आवडलं होतं.

ताईंची पाळी दुपारी आली. त्यांना दोनच्या आत निघायचं होतं. त्यांचे यजमान चित्रकलेचे शिक्षक होते, निवृत्त झाल्यावर वर्षभरातच त्यांची उजवी बाजू गेली होती, आणि त्या दिवशी त्यांना डॉक्टरांकडे न्यायचं होतं. ताईंनी पडद्यावरच्या 'सूची' नावाच्या चित्रावर बोट ठेवलं. "हे पाह्य, इथं आहे." मी ते उचललं आणि डिस्कवर टाकलं. टाकताक्षणी ते गेलंही.

"एकदा उघडून पाह्य ना गा."

"ताई, नाव दिसून राह्यलं ना तिथं. आलं म्हणजे आलं. तुम्ही निघा, डॉक्टर थांबणार नाही."

मी कागदावर पेन्सिलने फुली मारली. त्यांनी पर्स काखेत धरूनच सही केली आणि गेल्या.

त्या गेल्यावर माझं लक्ष आकड्याकडे गेलं. दोन केबी. ज्यांना हे कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो, अकरा वर्षांचं काम दोन केबीत मावत नाही, अकरा दिवसांचंही मावत नाही. मग चित्राच्या कोपऱ्यातला बारीक बाण दिसला. म्हणजे ती सूची नव्हतीच, सूचीकडे नेणारी नुसती खूण होती. खरी सूची यंत्राच्या दुसऱ्या भागात कुठेतरी ठेवलेली होती. कधीकाळी दुरुस्तीला आलेल्या कोणीतरी ती सुरक्षित राहावी म्हणून तिथे ठेवली असेल आणि ताईंच्या सोयीसाठी पडद्यावर खूण करून दिली असेल. ताईंना हे माहीत असण्याचं काही कारणच नव्हतं. मला मात्र माहीत होतं. हे सगळं मला त्या खुर्चीत बसल्याबसल्या कळलं, पूर्ण कळलं, आणि दोन मिनिटांचं काम होतं.

तेवढ्यात साहेबांचा निरोप आला. कोणी वरचे अधिकारी पाहणीला आले होते आणि त्यांना समन्वयकाला भेटायचं होतं. मला वाटलं, येऊन करतो. ताईंचा सही झालेला कागद मी इतर कागदांवर ठेवला आणि शर्ट खोचत निघालो. साहेबांच्या खोलीत चहा झाला, मी बोललो, पाहुणे म्हणाले की असा माणूस प्रत्येक कार्यालयात हवा. अर्धा-पाऊण तास गेला असेल. परत आलो तेव्हा ताईंच्या पडद्यावर नव्या प्रणालीचं निळं चित्र होतं. कंत्राटदाराच्या माणसाने गठ्ठ्यावरचा कागद पाहिला होता, सही पाहिली होती आणि यंत्र पुसलं होतं. त्याचं काही चुकलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते यंत्र दुरुस्तीच्या नावाखाली स्कूटरवर ठेवून मी जरीपटक्यात एका दुकानात नेलं. पुसलेलं परत काढून देणारा म्हणून तो दुकानदार प्रसिद्ध होता. त्याने दोन दिवस ठेवून घेतलं आणि मान हलवली. जुन्यावर नवं लिहिलं गेलंय, म्हणाला.

मी ताईंना सांगितलं नाही. उद्या सांगू, परवा सांगू, असे तीन आठवडे गेले. त्या आठवड्यांत त्या नव्या प्रणालीवर पत्रं टाइप करायला शिकत होत्या आणि मी त्यांच्या शेजारी बसून शिकवत होतो. सूची उघडायची वेळच येऊ नये, अशी मी मनात प्रार्थना करत होतो. एवढा मूर्ख विचार मी आयुष्यात दुसरा केला नसेल.

मग कुहीकडच्या एका खेड्यातून एक बाई आली. तिच्या मुलीचा कॉलेजातला प्रवेश जातीच्या दाखल्यापायी अडला होता आणि तिला आजोबांची नोंद हवी होती. ताई म्हणाल्या, "त्या गावचं आहे माह्याजवळ, बसा." त्यांनी मी उतरवून दिलेली डिस्क लावली, 'सूची' वर दाबलं. काही उघडलं नाही. पुन्हा दाबलं. मला हाक मारली. मी गेलो आणि जणू तेव्हाच पाहतो आहे असा चेहरा करून पडद्याकडे पाहिलं. त्या गावची पंजी वाळवीने खाल्लेल्यांपैकी होती. बाई संध्याकाळपर्यंत बाकावर बसली. शेवटी तिला 'अभिलेख उपलब्ध नाही' असं लेखी देऊन परत पाठवलं. तिने विचारलं, "मागच्या साली माह्या चुलतभावाले तं भेटला होता कागद?" ताईंनी 'सूची'वर आणखी एकदा दाबून पाहिलं.

चौकशी झाली. साहेबांच्या टेबलावर तो कागद होता. 'ती मी स्वतः उघडून तपासली आहे', आणि खाली ताईंची सही. मी शेजारी उभा होतो. साहेबांनी मला विचारलं, "तुम्ही काय उतरवलं?"

मी म्हणालो, "ताईंनी दाखवलं तेच घेतलं, साहेब."

हे वाक्य खोटं नाही. मी ते अनेकदा तपासून पाहिलं आहे. एक शब्द खोटा नाही, आणि इतकं खोटं वाक्य मी दुसरं कधी बोललो नाही. अव्वल कारकून पदावरच्या पदोन्नतीची यादी त्या महिन्यात निघायची होती, तिच्यात माझं नाव होतं. कारण एवढंच. यापेक्षा मोठं कारण असतं तर मला सांगायला बरं वाटलं असतं.

ताई माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, आता म्हणतील, मी याला उघडून पाहायला सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे. मीच चुकीच्या जागी बोट ठेवलं साहेब. मले वाटलं तेच ते."

सेवानिवृत्तीला सहा आठवडे राहिलेले असताना त्यांना कारणे दाखवा नोटीस निघाली. तिचं उत्तर त्यांनी मलाच टाइप करायला सांगितलं, कारण नव्या प्रणालीत त्यांचा हात अजून बसला नव्हता. त्या सांगत गेल्या, मी टाइप करत गेलो. 'माझ्या अज्ञानामुळे शासनाच्या अभिलेखाचे नुकसान झाले.' मी म्हणालो, "ताई, 'अज्ञान' कायले? 'नजरचूक' लिहू." त्या म्हणाल्या, "नाही. खरं तेच लिही." सेवापुस्तकात ठपका लागला. छत्तीस वर्षांच्या नोकरीत तेवढी एकच लाल शाई.

निरोप समारंभात शाल-श्रीफळ झालं. ताई बोलायला उभ्या राहिल्या आणि दोनच वाक्यं बोलल्या. सगळ्यांनी सांभाळून घेतलं, आणि जाता जाता माझ्या हातून लोकांचं नुकसान झालं ते माफ करा. मी मागच्या रांगेत होतो. बाहेर जाऊन नळावर तोंड धुऊन आलो.

पुढच्या सोमवारी साडेबाराला ताई डबा घेऊन कार्यालयात हजर. साहेबांना भेटल्या आणि म्हणाल्या, सूची पुन्हा करून देते, काही देऊ नका, फक्त खोलीत बसू द्या. साहेबांचा ऊर भरून आला. तोंडी परवानगी मिळाली. तेव्हापासून त्या रोज सक्करदऱ्याहून दोन बस बदलून यायच्या, चारपर्यंत बसायच्या. यजमानांजवळ शेजारच्या काकू बसायच्या. मी एकदा म्हणालो, "ताई, सर घरी आजारी. कायले एवढी दगदग?" त्या म्हणाल्या, "यायनंच सांगतलं. म्हणाले, तुह्या हातानं बिघडलं, तं तुह्याच हातानं नीट कर, नाही तं तुले झोप लागणार नाही. खरंच लागत नाही गा."

मी तेव्हा सांगायला हवं होतं. नोटिशीच्या आधी नाही, समारंभात नाही, तर निदान तेव्हा. पदोन्नती झाली होती, आता घाबरण्यासारखंही काही उरलं नव्हतं. पण त्या रोज यायच्या, रोज माझ्या झाकणात भाजी वाढायच्या, आणि ते हळूहळू पूर्वीसारखं वाटायला लागलं. मला ते मोडायचं नव्हतं. मला त्यांच्या शेजारी बसायला आवडत होतं, हे लिहितानाही लाज वाटते.

नवी प्रणाली त्यांनी छान आत्मसात केली. एकदा त्यांनी विचारलं, "हे खरंच कोणाच्याच मालकीचं नाही?" मी म्हणालो, "सगळ्यांचं आहे. कोणालाही आत काय आहे ते उघडून पाहता येते. लपवून काही ठेवत नाहीत." त्यांना ते फार बरं वाटलं. "असंच पाह्यजे," म्हणाल्या. मी मान खाली घालून डबा खात राहिलो.

काम मात्र पूर्वीसारखं होत नव्हतं. पंज्या आणखी जुन्या झाल्या होत्या, पानाखाली पुठ्ठा सरकवून ते उलटावं लागायचं. ताईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. भिंग धरून त्या एकेक नाव वाचायच्या. ज्या गावांच्या पंज्या वाळवीने खाल्ल्या होत्या त्यांच्या समोर त्या लिहायच्या, 'पूर्वी नोंद होती'. मी म्हणालो, असं लिहून कोणाला काय फायदा? त्या म्हणाल्या, "फायदा नाही. पण होती ना."

उन्हाळा लागला. एक दिवस तीनच्या सुमाराला ताईंचा फोन पर्समध्ये वाजला. त्यांच्या एका हातात भिंग होतं आणि दुसऱ्या हाताने त्यांनी अर्ध्या उलटलेल्या पानाला आधार दिला होता. सोडलं असतं तर पान मोडलं असतं. "एवढी ओळ होऊ दे," त्या म्हणाल्या. फोन वाजून थांबला. मग माझा वाजला. शेजारच्या काकूंना ताईंनी माझा नंबर देऊन ठेवला होता.

स्कूटरवर ताई मागे बसून होत्या. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आम्ही पोचलो तेव्हा दारात चपला जमल्या होत्या. काकू रडत म्हणाल्या, "आत्ताच गेले वं. दाराकडे पाहून राह्यले होते. ती आली का, ती आली का, दोनदा विचारलं." डॉक्टर म्हणाले, त्रास फार झाला नाही, अर्ध्या तासाचा खेळ. ताईंच्या बोटांना पंजीची पिवळी धूळ लागलेली होती. तसाच हात त्यांनी यजमानांच्या कपाळावर ठेवला.

पुढचं सगळं मी केलं. धावपळ केली, तेरवीचं पाहिलं, लोकांना पाणी दिलं. त्यांचे नातेवाईक म्हणाले, कार्यालयातला माणूस पोटच्या पोरासारखा राबला. ते ऐकून मी रिकामे पेले गोळा करून मागच्या दाराने बाहेर गेलो.

पुढे मी साहेबांना सगळं लेखी दिलं. साहेब बदलले होते. नवीन साहेबांनी कागद वाचला, प्रकरण बंद झालं आहे म्हणाले, आणि संबंधित कर्मचारी निवृत्त असल्याने पुन्हा उघडण्याची गरज नाही असा शेरा मारला. सेवापुस्तकातली ती ओळ तशीच आहे. सूची आता जेवणाच्या सुट्टीत मी करतो. माझी गती ताईंच्या निम्मीही नाही. पण हे सगळं नंतरचं आहे, आणि त्याने काही भरून निघालं असं मी म्हणत नाही.

तेरवी होऊन आठवडा झाला आणि ताई परत आल्या. साडेबाराला, डबा घेऊन. पांढुरक्या साडीत त्या एकदम लहान दिसत होत्या. त्यांनी पंजी काढली, कापड सोडलं, पुठ्ठा घेतला. म्हणाल्या, "कुहीकडची अकरा गावं राह्यली. यायले मी सांगतलं होतं, दिवाळीपर्यंत तेवढं पुरं करतो म्हणून. आपल्या हातानं बिघडलेलं अर्धं टाकून कसं चालन?"

खोलीत दुसरं कोणी नव्हतं. मला आणखी एक दिवसही सोसलं नसतं. मी सांगितलं. बाण सांगितला, दोन केबी सांगितले, चहा सांगितला. जरीपटक्यातलं दुकान सांगितलं. साहेबांपुढचं माझं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. मी रडत होतो आणि रडताना मला हलकं वाटत होतं, हे मला त्याही क्षणी कळलं आणि स्वतःचा तिरस्कार वाटला.

ताई रडल्या नाहीत. त्यांनी भिंग टेबलावर ठेवलं आणि एखादी फाइल तपासावी तसं विचारत गेल्या.

"यंत्र पुसायच्या आधी तुले माहीत होतं?"

"हो."

"मी म्हटलं होतं, उघडून पाह्य."

"हो."

"साहेबानं विचारलं तवा तू माह्या बाजूले उभा होता."

"हो ताई."

"म्हणजे माह्या हातानं काही बिघडलंच नव्हतं."

"नाही."

त्यांनी पंजी मिटली. कापड गुंडाळलं, दोरीची गाठ बांधली, मला नेहमी सांगायच्या तशी, सैल, पानांना काच बसू नये अशी. मग दोन्ही हात त्या गाठोड्यावर ठेवून माझ्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता. एखादी खरोखरच न समजलेली गोष्ट विचारावी तसा होता.

"मंग फोन वाजला त्या दुपारी मी इथं कायले होती गा?"

त्या उत्तरासाठी थांबल्या होत्या. पुढे कूलरमधलं पाणी संपलं, बाहेर आवक-जावकवाल्या मॅडम सुट्टीवरून परत आल्या, खिडकीशी कोणीतरी येऊन उभं राहिलं, तरी त्या तशाच बसून माझ्याकडे पाहत होत्या.